थोरल्यांनी चमचा उचलला नाही

सोला, सोला. गप्पा मारा, पण हात थांबवू नका. उद्या सकाळी कोबीला मसाला लावायचाय आणि लसणाची निम्मी टोपली तशीच पडलीय. आणि त्याच हातांनी डोळे चोळू नकोस रे, रडत बसशील रात्रभर.

गोष्ट हवी? बरं. लसूण सोलताना सांगायला हरकत नाही. या वासाला ते येत नाहीत म्हणतात. पितरांच्या पानात लसूण घालत नाहीत तो काय उगीच?

ही सोक्जूची गोष्ट. बान सोक्जू, टेकडीखालच्या कौलारू घरातला. तुम्ही पाहिलंय त्याला. लहान होतात तेव्हा ट्रॅक्टरवर बसवून शेतभर फिरवायचा. बान घराण्याच्या थोरल्या पातीचा थोरला मुलगा, म्हणजे साऱ्या पितरांची पानं त्याच्याच घरी. माझा शाळेपासूनचा सोबती. त्याला खोटं बोलता यायचं नाही. बोलायला गेला की कान लाल व्हायचे.

तर त्यांच्या घरात एक चित्र होतं. रेशमावर रंगवलेलं, बसलेल्या माणसाचं. घराण्याचे थोरले पंडित. तीनदा राजाचं बोलावणं आलं, तीनदा नाही म्हणाले आणि इथंच सोलगोलमध्ये पोरं शिकवत बसले, अशी ख्याती. काळी उंच टोपी, पांढरा झगा, हात बाह्यांत लपवलेले. आणि चेहरा... जुने चित्रकार कुणाची भीडभाड ठेवायचे नाहीत. एक केस चुकला तरी तो माणूस दुसराच झाला, असं मानायचे. त्यामुळे देवीचे व्रण होते ते काढले होते, एक पापणी जराशी लोंबायची ती काढली होती, गालावरचा डागसुद्धा. लहानपणी मी आणि सोक्जू त्या खोलीत लपाछपी खेळायला गेलो की आधी त्यांना नमस्कार करायचो. का ते सांगता येत नाही. घरात कुणी मोठं माणूस बसलंय असंच वाटायचं.

मग मधल्या काळात चोर फिरायला लागले. जुनी घरं हेरून चित्रं, पुस्तकं पळवायचे. सोक्जूने चित्र जिल्ह्याच्या संग्रहालयात नेऊन ठेवलं आणि तेवढ्याच मापाचा फोटो काढून आणला. श्राद्धाला तो फोटो लावायचे. तेही अंगवळणी पडलं.

चार वर्षांपूर्वी संग्रहालयातली एक मुलगी त्याच्या घरी आली. शिकलेली, पण नम्र. गुडघ्यांवर बसली, चहा संपवून पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "काका, चित्रातली ही टोपी, ही बाहीची रुंदी... तुमचे थोरले पंडित वारले तेव्हा ही तऱ्हाच निघालेली नव्हती. हे गृहस्थ त्यांच्यानंतर दोन पिढ्यांनी जन्मले असणार."

"मग कोण आहेत हे?"

"ते कुणालाच माहीत नाही. लढाया झाल्या, आगी लागल्या, चित्रं इकडची तिकडे गेली. चित्र फार मोलाचं आहे काका. फक्त... तुमचं नाही."

बान घराण्याच्या वडीलधाऱ्यांची बैठक बसली. केवढा तो संताप! दोनशे वर्षं परक्याला जेवू घातलं! परक्यापुढे डोकं टेकलं! आणि मग आपले खरे पंडित इतकी वर्षं काय उपाशी राहिले? शेवटी ठरलं की चित्र संग्रहालयाला देऊन टाकायचं, फोटो जाळायचा आणि इथून पुढे नुसती नावाची कागदी पट्टी लावून श्राद्ध करायचं.

फोटो सोक्जूने अंगणात जाळला. मी होतो तिथे. चेहरा शेवटी जळला.

श्राद्ध होतं चांद्र दहाव्या महिन्यात, अमावस्येला तीन रात्री राहिलेल्या असताना. आदल्या सकाळी सोक्जू माझ्या गाडीत बसून बाजाराला आला. खारा बांगडा घेतला, मुशीचे तुकडे घेतले, बोरं, चेस्टनट, पेअर. चांगला खुशीत होता. पेअरवाल्या बाईशी भांडून दोन जास्तीची घेतली. परत निघालो तेव्हा म्हणाला, "मानबोक, गाडी जरा संग्रहालयाकडून घे."

चित्र काचेआड लावलं होतं. खाली नवी पाटी होती. अनोळखी विद्वान, अठरावं शतक. सोक्जू समोर उभा राहिला. मी म्हटलं, बघेल जरा वेळ. पण तो लगेच वळला.

"चल," म्हणाला. "परका माणूस आहे."

मोठ्याने म्हणाला. शाळेची पोरं आली होती, त्यांनी मागे वळून पाहिलं.

आता त्या रात्रीचं मी पाहिलेलं नाही. सोक्जूने सांगितलं, त्याच्या बायकोने सांगितलं आणि सोक्जूच्या धाकट्या भावाने, गीह्वानने, दारू पिऊन रडत सांगितलं. तिघांनी वेगवेगळ्या वेळी. पण एका शब्दाचा फरक नाही.

त्या वर्षी श्राद्धाला फार कुणी आलं नाही. लाजेने म्हणा, थंडीने म्हणा. घरात सोक्जू, त्याची बायको मालसुनवहिनी आणि राजधानीतून, सोलहून आलेला गीह्वान, एवढीच माणसं. गीह्वान पहिल्यापासून थट्टेखोर. स्वयंपाकघरात डोकावून वहिनींना म्हणाला, "वहिनी, चाळीस वर्षं भलत्याच माणसासाठी रांधलंत की हो! बिल पाठवा त्याच्या घरच्यांना."

वहिनी म्हणाल्या, "जेवणारा भलता असेल. रांधणारी तर खरीच होते ना? सरका, तेल उडेल."

मध्यरात्र जवळ आली तसं फाटक उघडलं. पितर यायचे ना. तेवढ्यात गीह्वान कोठीतून मूठभर लाल चवळी घेऊन आला आणि फाटकाच्या उंबऱ्यावर, ओसरीच्या पायऱ्यांवर, मागच्या दाराशी पेरायला लागला.

लाल चवळी भुतांना सोसत नाही. वर्षातल्या सगळ्यांत लांब रात्री आपण तिचीच पेज करतो ना?

"परक्यांना प्रवेश बंद!" तो हसत म्हणाला.

वहिनी एप्रनला हात पुसत धावत आल्या. "भावजी, अहो काय करताय! आजच्या रात्री? आपले पितर कसे येतील मग?"

"आपल्यांना ओळखेल ती चवळी. आणि वहिनी, असतील शितं तर जमतील भुतं. एवढं रांधून फाटक सताड उघडं टाकलंय, साऱ्या तालुक्याची भुतं येतील जेवायला."

वहिनींनी सोक्जूकडे पाहिलं. तो घरचा कर्ता. त्याने एक शब्द बोलायचा होता.

सोक्जू म्हणाला, "राहू दे. आजच्या दिवस तरी तो परका नको."

वहिनी आत गेल्या.

पान मांडलं. मेणबत्त्या लावल्या, उदबत्ती लावली. चित्राच्या जागी भिंतीवर नुसता पांढरट चौकोन होता. त्याच्यापुढे कागदाची पट्टी. मद्य वाढलं. सोक्जूने बोलावण्याचे शब्द म्हटले. भाताच्या वाडग्यात चमचा उभा रोवला. मग रीतीप्रमाणे तिघंही खोलीबाहेर आले, कागदी दार लावून घेतलं आणि ओसरीवर डोकी खाली घालून बसले. आत पितर जेवणार. नऊ घास खाऊन व्हावेत एवढा वेळ द्यायचा. मग कर्त्याने खाकरायचं आणि दार उघडायचं.

कडाक्याची थंडी. वारा नव्हता. गीह्वान बोटांवर फुंकर घालत होता. जरा वेळाने तो कुजबुजला, "दादा, झाले असतील नऊ घास. थोरले पंडित म्हणजे काही माझ्यासारखे खादाड नसणार."

सोक्जू हसला. घसा साफ केला आणि खाकरला.

आतून कुणीतरी खाकरलं.

...

एकदाच. म्हाताऱ्या माणसाचं, छातीत कफ असलेलं. थांबा जरा, असं सांगणारं.

गीह्वानने दादाकडे पाहिलं. दादाने वहिनींकडे. 

मग आवाज आला. चमच्याचा. वाडग्याच्या काठाला लागल्याचा. थांबला. पुन्हा आला.

"मांजर," गीह्वान म्हणाला. 

मांजर चमच्याने खात नाही, पोरांनो.

बऱ्याच वेळाने सोक्जू पुन्हा खाकरला. पुन्हा आतून उत्तर आलं. तसंच. शांत. घाई नसलेलं.

ते बसून राहिले. मेणबत्त्यांचा उजेड दारावर हलत होता. त्या उजेडात सावली नव्हती. ते जास्त वाईट होतं, सोक्जू म्हणाला. सावली असती तर बरं झालं असतं.

एक मेणबत्ती विझली.

दुसरी विझली.

अंधारात चमचा वाजतच होता...

मग थांबला.

मालसुनवहिनी उठल्या. दार त्यांनी उघडलं. मोबाइलचा उजेड टाकला. भाताचं वाडगं रिकामं होतं. पितर वासाने जेवतात, पान जसंच्या तसं राहतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. इथे शीतसुद्धा उरलं नव्हतं. बांगड्याचा नुसता काटा, स्वच्छ, कंगव्यासारखा. चमचा पुसून उजव्या हाताला सरळ ठेवलेला. नीटस. शिकलेल्या माणसाने ठेवावा तसा.

नावाच्या पट्टीपुढच्या मद्याला मात्र कुणी शिवलं नव्हतं.

गीह्वानने उजाडायची वाट पाहिली नाही. गाडी काढली आणि गेला.

आणि आपल्याला वाटतं, इतकंच. नाही का? मलाही वाटलं. सोक्जूने दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा मी हसलो. म्हटलं, तिघांनी आधीच मद्य चाखलं असणार.

दोन आठवड्यांनी मी त्याच्याकडे मुळ्याची पोती पोचवायला गेलो. दिवेलागण झाली होती. त्याला पाहताच मी पोतं खाली ठेवलं. गालफडं बसलेली, गळ्याची घाटी वर आलेली.

"अरे, बरं नाही का?"

"बरं आहे की. जेवून जा."

वहिनींनी चौरंग आणून ठेवला. गरम भात, आंबवलेल्या सोयाबीनची आमटी, भाजलेला मासा. मी चमचा उचलला. सोक्जू मांड्यांवर हात ठेवून बसून राहिला.

"घे ना."

त्याने मान हलवली. चित्र असायचं त्या मधल्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. आणि अगदी साध्या आवाजात, लहानपणी आपण वडिलांच्या पंगतीला सांगायचो ना तसा, म्हणाला, "थोरल्यांनी चमचा उचलला नाही अजून."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या भिंतीकडे बघत होत्या.

वीस वर्षं त्या घरात सोक्जूपेक्षा मोठं कुणी नव्हतं, पोरांनो. वीस वर्षं सगळे त्याच्या चमच्याची वाट बघायचे. आणि आता हा...

आमटीचा गाळ तळाशी बसला. मासा गार झाला. मीही चमचा खाली ठेवला. मग बऱ्याच वेळाने, त्या बंद दारामागून, कुणीतरी खाकरलं.

मी ऐकलं. या कानांनी.

सोक्जूने चमचा उचलला. दोन घास घेतले. आणि खाली ठेवला.

"बस? एवढंच?"

"त्यांचं झालं," तो म्हणाला. "त्यांच्यामागून खात बसायचं नसतं."

दॅगूच्या मोठ्या इस्पितळात नेलं त्याला. पोटात काही नाही म्हणाले. तिथे सलाईन लावलं तर थोडा सुधारला. घरी आणलं की पुन्हा तेच. मी म्हटलं, तिकडेच राहा, लेकीकडे राहा बुसानला. तर म्हणाला, "घरात मोठं माणूस असताना कर्त्याने बाहेर राहायचं?" हट्टी. पहिल्यापासून हट्टी. पाय ओढत चालायला लागला, मग चालेनासा झाला.

वहिनींनी काय काय केलं नाही! मांत्रिक बाई आणली, तिने फाटकातूनच पाय मागे घेतला. भिक्खूंना विचारलं. संग्रहालयात जाऊन चित्रासमोर रडून आल्या. मग एका संध्याकाळी ओसरी झाडताना त्यांच्या केरसुणीखाली काहीतरी खडखडलं. पायरीच्या फटीत लाल चवळी. अडकून बसलेली. त्यांनी पुढे पाहिलं. फाटकाच्या उंबऱ्यात होती. मागच्या दाराच्या चौकटीत होती.

त्या तिथेच खाली बसल्या. मला नंतर म्हणाल्या, "मानबोकभावजी, माझ्या तेव्हा ध्यानात आलं. आम्ही त्यांना बाहेर ठेवायला गेलो. पण ते बाहेरून येत होते कधी? दोनशे वर्षं ज्या घरात जेवले, तिथेच होते ते. आम्ही फोटो जाळला, जागा काढून घेतली आणि वर दारं बंद केली. जाणार कुठून?"

त्या रात्री त्यांनी एकेक दाणा बोटाने उकरून काढला. नखांतून रक्त येईपर्यंत. सगळी चवळी नाल्यात फेकून आल्या. मग भात शिजवला. श्राद्धाला करतात तसं सगळं केलं, काही कमी नाही. चौरंग उचलला आणि फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला मांडला. फाटक उघडं. घराची सगळी दारं उघडी. सोक्जू आत अंथरुणावर पडून बघत होता.

वहिनी मधल्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. आणि बोलल्या. मोठ्याने, शेजारणीशी बोलावं तसं.

"अहो पंडित. तुमचं नाव मला माहीत नाही. माझंही नाव या घराच्या वंशावळीत नाही. अमक्या आडनावाची सून, एवढंच लिहितात आमचं. म्हणजे तुम्ही परके आणि मीही परकीच. दोन परक्यांनी एकमेकांशी खोटं कशाला बोलायचं? चाळीस वर्षं मी ज्यांच्यासाठी रांधलं ते तुम्ही होतात. आवडलं असेल म्हणूनच जेवलात. तुम्हाला हाकललं ते आमचं चुकलं. मी हात जोडते. पण माझा माणूस तुमच्यामागे उपाशी मरतोय. पान बाहेर मांडलंय. दरवर्षी मांडीन, हातपाय चालतायत तोवर. आता उठा..."

काही झालं नाही.

त्या उभ्या राहिल्या.

"उठा, आजोबा."

...

मग मधल्या खोलीतून गार हवेची झुळूक आली. त्यांच्या अंगावरून गेली. ओसरीची एक फळी वाजली. पायरी वाजली.

आणि फाटकाबाहेर, रस्त्यावर, अंधारात... कुणीतरी खाकरलं.

वहिनी मागे वळल्या तर सोक्जू उठून बसला होता. दोन महिन्यांत स्वतःच्या बळावर उठला नव्हता.

"भूक लागली गं," म्हणाला.

वाडगंभर भात खाल्ला. वर अजून मागितला. वाट बघितली नाही, दाराकडे पाहिलं नाही. आमटी तोंडाला लावून प्याला. वहिनी रडत होत्या आणि हा म्हणतो कसा, "मीठ कमी पडलंय." आणि त्यांना हसवलं. मग झोपला.

पहाटे वहिनींनी हात लावला तेव्हा गार होता.

काय म्हणालास? पंडितांनी नेला? नाही. उशीर झाला होता, एवढंच. अंगात काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, उपाशी शरीराला एकदम इतकं अन्न सोसत नाही. असेलही. मी त्यावर वाद घालत नाही. भरल्या पोटी गेला, एवढं मी धरून ठेवलंय.

टेकडीवर, बापाच्या शेजारी पुरला त्याला. मी खांदा दिला. तिरडी इतकी हलकी होती की पुढच्या माणसाने दोनदा मागे वळून पाहिलं. गीह्वान आला होता, पण थडग्याच्या जवळ आला नाही. झाडाखाली उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आणि मी अन्न घेऊन वर गेलो. लेकीला ताप होता, ती घरीच राहिली. रात्रीतून ताजं बर्फ पडलं होतं. टाचेएवढं. सगळी टेकडी पांढरी. आमच्याआधी कुणी वर गेलं नव्हतं, वाटेवर पक्ष्याच्या पायाचीसुद्धा खूण नव्हती.

मी पुढे होतो. थडग्याजवळ पोचलो आणि थांबलो.

वहिनी मागून म्हणाल्या, "काय झालं?"

मी बोट दाखवलं. त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

सोक्जूच्या थडग्यासमोर, बर्फात, दोन गुडघ्यांचे खड्डे होते. त्यांच्या पुढे दोन तळवे. बोटं जुळवून टेकवलेले, मुलगा बापापुढे टेकवतो तसे. आणि तळव्यांच्या मध्ये, जिथे कपाळ येतं, तिथे एक गोल.

येणारं पाऊल नव्हतं. जाणारं पाऊल नव्हतं. चारी बाजूंना बर्फ जसंच्या तसं.

वहिनींनी टोपली खाली ठेवली. त्या खुणांना वळसा घालून थडग्याच्या पलीकडच्या अंगाला गेल्या आणि बसल्या. मी वाकून पाहिलं.

कपाळ टेकलं होतं तिथलं बर्फ वितळलं होतं. खालचं गवत ओलं होतं. मी बोट लावलं...

कोमट होतं.